काळी पट्टी मारली तरी मजकूर बाहेर जातो: फाइलमधली दडलेली माहिती कशी शोधायची आणि कशी काढायची

तक्रार साधारण अशी येते. पीडीएफमधल्या नावांवर काळे चौकोन ओढले, फाइल पाठवली, आणि समोरच्याने चौकोनावरून माउस ओढून कॉपी-पेस्ट केलं तर नावं जशीच्या तशी उतरली. कधी वर्डमधल्या खोडलेल्या ओळी भलत्याच माणसाने वाचलेल्या असतात. कधी फोटोचा कापून टाकलेला भाग परत मिळतो, कधी एक्सेलमध्ये लपवलेली शीट पहिल्या वाचकालाच सापडते. प्रत्येक वेळी प्रोग्राम वेगळा असतो, म्हणून माणसं प्रत्येक प्रोग्रामची वेगळी युक्ती पाठ करतात आणि पुढच्या वेळी तिसऱ्याच ठिकाणी फसतात. मूळ बिघाड मात्र एकच आहे. तो आधी समजून घेऊ, मग एकेका प्रकाराची दुरुस्ती पाहू.

फाइल म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांची एक लांब रांग; त्यातला एकेक आकडा म्हणजे एक बाइट. पडद्यावर दिसतं ते त्या रांगेवरून प्रोग्रामने त्या क्षणी काढलेलं चित्र असतं. 'क' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, ०९१५ या क्रमांकावर आहे आणि यूटीएफ-८ पद्धतीत ते २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांत साठवलं जातं. त्या 'क'ला पांढरा रंग दिला, तर हे तीन बाइट जागचे हलत नाहीत; 'हे पांढऱ्या रंगात काढ' अशी एक सूचना फाइलमध्ये वाढते, एवढंच. काळी पट्टी, लपवलेली रांग, कापलेला फोटो, 'मार्कअप दाखवू नका' हा पर्याय, या सगळ्यांत हेच होतं. चित्र बदलतं, साठा तसाच राहतो. भिंतीला पडलेल्या भोकावर कॅलेंडर टांगावं, तसा हा प्रकार आहे.

म्हणून फाइल तपासताना ती नुसती डोळ्यांनी पाहू नका. सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडसारख्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पेस्ट करा. तिथे रंग नाही, पट्टी नाही, फॉन्ट नाही. पांढऱ्या रंगातला किंवा चौकोनाखालचा मजकूर इथे लगेच उघडा पडतो. इथे काही दिसलं नाही म्हणजे फाइल स्वच्छ आहे असं मात्र समजू नका. ही फक्त पहिली चाळणी आहे.

पीडीएफमधली काळी पट्टी

सर्वाधिक नुकसान याच प्रकारात झालेलं आहे, आणि ते मोठ्या, अनुभवी संस्थांचं. २००५ मध्ये इराकमध्ये मारल्या गेलेल्या निकोला कालिपारी या इटालियन अधिकाऱ्याच्या मृत्यूबद्दलचा अमेरिकी लष्कराचा अहवाल पीडीएफमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला काळा केलेला गोपनीय मजकूर वाचकांनी साध्या कॉपी-पेस्टने वाचला. २००९ मध्ये अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेच्या तपासणी-नियमावलीचं हेच झालं. जानेवारी २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचा माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट याच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदपत्रातही काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी त्याच दिवशी काढला. मधे चौदा वर्षं गेली, पण चूक अक्षरशः तीच.

असं होतं कारण पीडीएफच्या पानात सूचनांची यादी असते: अमुक ठिकाणी अमुक फॉन्टमध्ये ही अक्षरं काढ, मग इथे काळ्या रंगाचा आयत भर. नंतरची सूचना आधीच्या चित्रावर रंग चढवते, पण आधीची सूचना पुसत नाही. फुकट मिळणाऱ्या रीडरमध्ये काढलेला चौकोन तर अनेकदा पानाच्या यादीतही नसतो. तो वरून चिकटवलेली टिप्पणी म्हणून साठवलेला असतो. त्यावर क्लिक करून डिलीट दाबलं की झाकण उडतं.

यावर उपाय म्हणजे ज्याला 'रिडॅक्ट' म्हणतात ते साधन. अॅक्रोबॅटच्या पैसे देऊन घ्यायच्या 'प्रो' आवृत्तीत ते आहे. त्यात दोन पायऱ्या असतात आणि लोक पहिल्या पायरीवरच थांबतात. आधी मजकुरावर खूण करायची, मग 'अप्लाय' करायचं. नुसती खूण करून सेव्ह केलं तर मजकूर तसाच राहतो. अप्लाय करताना दडलेली माहितीही काढायची का असं प्रोग्राम विचारतो. तिथे होकार द्या. लिबरऑफिसमध्ये ६.३ आवृत्तीपासून 'टूल्स' मेनूत रिडॅक्टची सोय आहे. ती सगळं पान चित्र करून पीडीएफ बनवते, त्यामुळे खाली मजकूर उरतच नाही. अशा फाइलमध्ये शोध चालत नाही आणि दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीन-रीडर ती वाचू शकत नाही, ही त्याची किंमत. गोपनीय मजकूर असेल तर माझ्या मते ती द्यावी.

मराठी पीडीएफ असेल तर एक गोष्ट जास्तीची सांभाळावी लागते, आणि बहुतेक इंग्रजी मार्गदर्शनात ती नसते. रिडॅक्ट करणारे बरेच जण 'हे नाव शोध आणि सगळीकडे काळं कर' अशी सोय वापरतात. पीडीएफच्या आत मात्र बहुधा फॉन्टमधल्या आकृत्यांचे क्रमांक असतात, आणि त्यांवरून अक्षर ओळखायला वेगळा तक्ता लागतो. देवनागरीत जोडाक्षराची एकच आकृती असते, ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी काढला जातो, रफार पुढच्या अक्षरावर चढतो. तक्ता अपुरा असेल तर आतला क्रम आपण टाइप केलेल्या क्रमाशी जुळत नाही आणि शोध रिकामा येतो. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर आत चक्क रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. तिथे देवनागरी नाव शोधून काहीच सापडणार नाही. त्यामुळे 'शून्य ठिकाणी सापडलं' या उत्तरावर विसंबू नका. पानं एकेक करून डोळ्यांनी वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा भरवशाचा रस्ता नाही.

पट्टीच्या लांबीकडेही लक्ष द्या. फॉन्टमधल्या प्रत्येक आकृतीची रुंदी वेगळी असते आणि पीडीएफ अक्षरांच्या जागा फार बारीक मापात नोंदवतं. शक्य नावांची यादी ज्याच्या हातात आहे, तो रिकाम्या जागेची रुंदी मोजून बरीच नावं बाद करू शकतो. हाताशी मूळ वर्ड फाइल असेल तर तिच्या प्रतीत नावाऐवजी सगळीकडे एकाच लांबीचं 'नाव वगळलं' असं लिहा आणि त्यावरून नवीन पीडीएफ बनवा. ही सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत पक्की पद्धत आहे; पट्टीची गरजच पडत नाही.

मजकूर नीट काढला, तरी जुना का सापडतो?

पीडीएफमध्ये बदल साठवण्याची एक पद्धत अशी आहे की जुन्या बाइटांना हात लावायचा नाही, नवा भाग शेवटी जोडायचा आणि 'आता इथून वाच' अशी नवी अनुक्रमणिका द्यायची. मोठी फाइल झटकन सेव्ह व्हावी आणि डिजिटल सही मोडू नये म्हणून ही सोय आहे. पण त्यामुळे आधीची आवृत्ती फाइलच्या पोटात पूर्ण शाबूत राहते. प्रत्येक आवृत्ती 'ईओएफ' या खुणेने संपते, म्हणून फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ही खूण किती वेळा येते ते पाहा. एकाहून जास्त वेळा आली तर संशय घ्या. संशयच, निष्कर्ष नाही: वेबवर लवकर उघडावी म्हणून खास मांडणी केलेल्या निर्दोष फाइलमध्येही ती दोनदा येते.

उपाय म्हणजे फाइल नव्याने लिहायची. 'सेव्ह'ऐवजी 'सेव्ह अॅज' किंवा 'ऑप्टिमाइझ' वापरा. क्यूपीडीएफसारखं फुकट साधनही फाइल पहिल्यापासून लिहून देतं. एक्झिफटूल हे फोटोंसाठी उत्तम साधन आहे, पण त्याने पीडीएफची मेटाडेटा (लेखक, तारीख अशी फाइलविषयीची माहिती) काढली तर तो बदलही शेवटीच जोडला जातो आणि उलटवता येतो. हे त्याच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, तरी ही चूक सर्रास होते. ते वापरल्यावर फाइल क्यूपीडीएफमधून पुन्हा काढून घ्या.

वर्ड

वर्डची डॉक्स फाइल ही खरं तर झिप, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं, आहे. तिचे पहिले दोन बाइट म्हणजे 'पी' आणि 'के' ही अक्षरं, झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. फाइलची एक प्रत घ्या, तिच्या नावाचा शेवट 'झिप' असा बदला आणि उघडा. आत फोल्डर दिसतील. मुख्य मजकूर एका एक्सएमएल फाइलमध्ये, कॉमेंट दुसरीत, चित्रं 'मीडिया' फोल्डरमध्ये आणि मालकीची माहिती 'डॉकप्रॉप्स' या फोल्डरमध्ये: फाइल पहिल्यांदा कोणी बनवली, शेवटी कोणी सेव्ह केली, एकूण किती मिनिटं संपादन झालं, कोणता टेम्प्लेट वापरला. 'ट्रॅक चेंजेस' ही बदलांची नोंद ठेवणारी सोय चालू असताना खोडलेला मजकूर मुख्य फाइलमध्येच असतो, 'डेल' अशा खुणांमध्ये, खोडणाऱ्याचं नाव आणि वेळ यांच्यासह. वरच्या पट्टीत 'नो मार्कअप' निवडलं की तो दिसेनासा होतो, म्हणून तो गेला असं वाटतं.

ही एकदा करून पाहण्याची गोष्ट आहे. स्वतःच्या फाइलच्या आत काय काय आहे हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढे निष्काळजी राहत नाही.

याचे परिणाम किती दूर जातात याची दोन उदाहरणं सांगतो. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकविषयीचा एक दस्तऐवज वर्ड फाइल म्हणून वेबवर ठेवला. जुन्या वर्डमध्ये शेवटच्या दहा वेळा फाइल कोणी आणि कुठे सेव्ह केली याची नोंद लपलेली असायची. त्यातून तो हाताळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांची नावं बाहेर आली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या विचिटा शहरात अनेक खून करून तीस वर्षं मोकळा राहिलेल्या डेनिस रेडरने पोलिसांना फ्लॉपी पाठवली. तिच्यावर डिलीट केलेली एक वर्ड फाइल शिल्लक होती. तिच्या गुणधर्मांमध्ये एका चर्चचं नाव आणि 'डेनिस' हे नाव होतं. त्यावरून तो पकडला गेला. या माहितीमुळे भलंही होतं. प्रश्न ती आपल्याला ठाऊक असण्याचा आहे.

दुरुस्ती करताना सगळे बदल 'अॅक्सेप्ट' करा, कॉमेंट डिलीट करा, मग 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' या वाटेने तपासणी चालवा आणि सापडेल ते काढा. हे नेहमी प्रतीवर करायचं, कारण काढलेलं परत आणता येईलच याची खात्री नसते.

त्यानंतरही दोन गोष्टी हमखास उरतात. पहिली, वर्डमध्ये कापलेली चित्रं. कापण्याची नुसती सूचना साठते, मूळ चित्र 'मीडिया'त पूर्ण असतं. चित्रावर क्लिक करून 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये कापलेले भाग काढून टाकण्याचा पर्याय निवडा. दुसरी, एक्सेलमधून आणून चिकटवलेला आलेख. पेस्ट करताना वर्कबुक सोबत घेण्याचा पर्याय निवडला गेला असेल, तर त्या एका आलेखामागे अख्खं वर्कबुक वर्ड फाइलमध्ये येऊन बसतं, पगारपत्रकासकट. आलेख चित्र म्हणून पेस्ट करा.

एक्सेल

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर म्हणून स्प्रेडशीट दिली. दिसायला त्यात फक्त आकडेवारी होती. लपलेल्या शीटमध्ये दलातल्या ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे आणि नेमणुकीच्या जागा होत्या. जिथे पोलिसांच्या जिवावर उठणारे गट आहेत, तिथे ही माहिती काही तास जाहीर राहिली. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने पुढे दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला.

शीटच्या नावावर उजवं क्लिक करून 'अनहाइड' पाहणं ही पहिली तपासणी, पण ती अपुरी आहे. 'व्हेरी हिडन' नावाची एक अवस्था असते. अशी शीट त्या यादीत येतच नाही, मॅक्रोच्या खिडकीतूनच दिसते. पिव्हट टेबलचं, म्हणजे मोठ्या यादीचा सारांश काढणाऱ्या तक्त्याचं, दुखणं आणखी खोल आहे. मूळ आकड्यांची शीट डिलीट केली, तरी पिव्हटने स्वतःजवळ ठेवलेली प्रत फाइलमध्ये असते, आणि बेरजेच्या चौकटीवर डबल-क्लिक केलं की त्या बेरजेमागच्या सगळ्या नोंदी नव्या शीटवर येतात.

बाहेर पाठवायचे आकडे नवीन, कोऱ्या वर्कबुकमध्ये 'व्हॅल्यूज' म्हणून पेस्ट करा, किंवा सरळ सीएसव्ही करून पाठवा. सीएसव्हीमध्ये लपवायला जागाच नसते, फक्त एका शीटचा साधा मजकूर. पण तिथेही हाइड केलेले कॉलम बरोबर जातात, म्हणून ते आधी डिलीट करा आणि तयार झालेली सीएसव्ही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा.

फोटो आणि स्क्रीनशॉट

कॅमेऱ्याने काढलेल्या जेपेगमध्ये चित्राच्या आधी 'एक्झिफ' नावाचा भाग असतो: वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, परवानगी असेल तर अक्षांश-रेखांश, आणि बहुतेकदा फोटोची एक छोटी प्रत. डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत फिरणाऱ्या, अँटिव्हायरससाठी प्रसिद्ध असलेल्या जॉन मॅकॅफीचा फोटो एका मासिकाने आपल्या वेबसाइटवर टाकला आणि त्यातल्या अक्षांश-रेखांशांवरून तो ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. व्हॉट्सअॅपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला तर ही माहिती त्यातून काढून टाकली जाते. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. दर्जा चांगला राहावा म्हणून लोक दुसरा मार्ग निवडतात आणि घराचा ठावठिकाणा सोबत पाठवतात.

कापलेल्या फोटोचं सगळ्यांत धडा देणारं प्रकरण मार्च २०२३ मधलं. पिक्सेल फोनच्या चित्र-संपादन साधनात स्क्रीनशॉट कापून सेव्ह केला की छोटी झालेली नवी फाइल जुन्या फाइलच्या जागेवर लिहिली जायची, पण मागे उरलेली शेपटी छाटली जात नव्हती. पीएनजीमध्ये 'आयएंड' ही शेवटची खूण आली की प्रोग्राम वाचणं थांबवतो, त्यामुळे त्यापुढचे बाइट कुणाला दिसत नव्हते. सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी दाखवून दिलं की त्या शेपटीतून कापलेला भाग बऱ्याच अंशी परत उभा करता येतो. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही हाच दोष निघाला. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी कापून पाठवलेली चित्रं दुरुस्त झालेली नाहीत. जुनी चित्रं अजून कुठे जाहीर असतील तर ती काढून नव्याने कापून टाका.

झाकण्यासाठी अर्धपारदर्शक मार्कर वापरू नका. ब्राइटनेस वाढवला की खालची अक्षरं उठतात. धूसर करणं आणि चौकोनी ठोकळे करणं हेही मजकुरासाठी टाळा, कारण संभाव्य अक्षरांना तीच प्रक्रिया लावून ताडून पाहता येतं. पूर्ण अपारदर्शक काळा रंग भरा आणि मग त्या चित्राचा नवा स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवा.

जे तुम्ही लपवलंच नाही ते

उलटा प्रकारही तितकाच छळतो. दोन चौकटींत एकच नाव आहे, दिसायला काडीचा फरक नाही, पण एक्सेलमधलं शोधून जुळवणारं सूत्र व्हीलुकअप म्हणतं जुळत नाही. वेबवरून किंवा पीडीएफमधून आणलेल्या मजकुरात न दिसणारी अक्षरं येतात: १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेस, २००बी ही शून्य रुंदीची स्पेस, एफईएफएफ ही फाइलच्या सुरुवातीची खूण. एक्सेलचं ट्रिम फक्त ३२ क्रमांकाची साधी स्पेस काढतं, १६० ला हात लावत नाही. आधी 'लेन' लावून दोन्ही चौकटींची लांबी पाहा. आकडा वेगळा आला तर 'सब्स्टिट्यूट'मध्ये 'कॅर १६०' देऊन ती साध्या स्पेसने बदला, मग ट्रिम लावा. शून्य रुंदीच्या अक्षरांसाठी 'युनिकॅर' वापरा.

देवनागरीत मात्र 'सगळी अदृश्य अक्षरं उडवा' असं कधीही करू नका. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो: ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, २००डी क्रमांकाचा शून्य रुंदीचा जोडक आणि य. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून शोधात एक सापडतो आणि दुसरा निसटतो. दुसऱ्या प्रकारातला जोडक सरसकट काढला तर त्याचा रफार होऊन 'दुसर्या' असं चुकीचं रूप उरतं. आधी सगळीकडे पहिला प्रकार करून घ्या, मग उरलेल्या जोडकांकडे एकेक करून पाहा.

ही अदृश्य अक्षरं मुद्दामही पेरता येतात. दोन वेगळ्या शून्य-रुंदीच्या अक्षरांना ० आणि १ मानलं की आठ अक्षरांत एक बाइट बसतो, आणि प्रत्येक वाचकाच्या प्रतीत त्याचा क्रमांक दडवता येतो. ज्याने माहिती दिली त्याचं नाव सांभाळायचं असेल तर मिळालेला मजकूर कॉपी-पेस्ट करू नका. पुन्हा टाइप करा.

साफ केलं, पुन्हा आलं

माहिती काढूनही दर वेळी परत येत असेल तर तिचा उगम फाइलच्या बाहेर आहे. वर्ड लेखकाचं नाव प्रोग्रामच्या सेटिंगमधून घेतं. टेम्प्लेटमध्ये जुनं शीर्षक बसलेलं असेल तर प्रत्येक नव्या पीडीएफच्या टॅबवर तेच भलतं नाव झळकतं. त्यामुळे टेम्प्लेट स्वतः उघडून त्याचे गुणधर्म रिकामे करा. आणि तपासणी नेहमी अगदी शेवटी तयार झालेल्या, प्रत्यक्ष पाठवायच्या फाइलवर करा. वर्ड तपासून पीडीएफ पाठवली तर पाठवलेली वस्तू तपासलीच गेली नाही.

गुगल डॉक्ससारख्या ठिकाणी फाइलऐवजी लिंक देत असाल, तर संपादनाचा हक्क मिळालेल्या माणसाला आवृत्त्यांचा इतिहासही उघडतो, त्यात खोडलेलं सगळं असतं. 'मेक अ कॉपी' केल्यावर नव्या प्रतीत जुना इतिहास येत नाही. लिंक त्या प्रतीची द्या, आणि प्रत करताना कॉमेंट सोबत घेण्याच्या पर्यायावर खूण नाही ना, हे पाहून घ्या.